तोंड पाडलेलं पान

या महिन्यातही आमच्या दारावर
पिवळं पान चिकटलंय.
गोल डोळे, खाली वळलेले ओठ,
आणि त्याखाली छापलेलं:
‘शेजाऱ्यांपेक्षा आपण ४१ टक्के जास्त पाणी वापरलंत.
थोडा विचार करू या का?’

करू या. बसा.

शेजारी म्हणजे पेंढारकर, सहाशे दोन.
त्यांच्या दारावर हिरवं पान, गालाला खळ्या.
पेंढारकर मार्गशीर्षापासून मेलबर्नला आहेत
मुलीच्या बाळंतपणाला.
पाणी वाचवलं ते कुलपानं.
वार्षिक सभेत कुलपाचा सत्कार करा,
एक रोप देऊन.

रोप कुठे लावायचं ते मात्र विचारू नका.
विजेच्या गाड्या चार्ज करायला जागा हवी
म्हणून करंज काढला. रीतसर परवानगीनं.
खोडावर चुन्यानं आकडा घातला होता, सतरा.
तिथे आता फलक आहे.
फलकाचा रंग हिरवा.

माझ्याकडे एकोणसाठ कापडी पिशव्या आहेत.
मोजल्या एकदा, वीज गेली होती तेव्हा.
मुंज, साठीशांत, पतपेढीचा वर्धापनदिन,
प्रत्येकीवर झाड छापलेलं, धुतलं की फिकं होणारं.
इतक्या पिशव्या ठेवायला एक पिशवी लागते.
ती प्लास्टिकची आहे.

चहाचा गाळ वेगळा ठेवते मी.
दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, वेगळी.
(धुवायला पाणी लागतं. ते कुणाच्या खात्यात?)
आणि खाली, सिंहगड रोडच्या कडेला,
एकच गाडी एकाच पोटात दोन्ही घेते.
गॅलरीतून पाहिलंय मी, एकदा नाही.
कमल लोखंडेला विचारलं तर म्हणाली,
‘ताई, तुम्ही वेगळं केलं ना,
तर माझा हात काचेनं कापत नाही.
फुडचं मला काय ठावं.’
म्हणून करते.
पानाचं तोंड वळावं म्हणून नाही.

खडकवासला भरलं तरी आम्हाला टँकर,
आटलं तरी टँकर.
हिशेब मात्र बादलीचा.

बाणेरहून एक मुलगा आला होता मीटर बसवायला,
कंपनीचा शर्ट, नम्र, पाणीसुद्धा अर्धाच पेला मागितलं.
मी म्हटलं, बाळा,
आत कोण आहे ते कळतं का रे याला?
म्हणाला, ‘काकू, डेटा न्यूट्रल असतो.’
वाईट नव्हता मुलगा.
जाताना चपला पायपुसण्याबाहेर नीट लावल्या होत्या
त्या तशाच उचलून घातल्या.

आत वन्सं आहेत.
डावं अंग गेलं त्याला तीन वर्षं झाली.
दोनदा आंघोळ घालावी लागते,
चादर तीनदा,
कधी रात्री अडीचला चौथ्यांदा.
बादली कितीही हळू भरली
तरी मीटरला ऐकू जाते.

चिटणीस सबनीसांना सांगता आलं असतं.
अर्ज करा म्हणाले असते,
वैद्यकीय सवलतीचं एखादं निळं पान निघालं असतं,
मग जाता-येता सहाव्या मजल्यानं वाचलं असतं
आमच्या चादरींबद्दल.
नको.

काल ते पान दारावरून सोडवलं
आणि वन्संना नेऊन दाखवलं.
बराच वेळ बघत होत्या.
मग जड जिभेनं, एकेक अक्षर उचलत म्हणाल्या,
‘माझा... फोटो... कुणी काढला?’
आणि हसल्या.
उजव्या बाजूनं.
डावी बाजू पानासारखीच राहिली.

मी पान परत दारावर लावलं.
डिंक गेलाय, एक टोक फडफडतं.
मशीनचं शेवटचं पाणी बादलीत धरलं
नेहमीसारखं, मोरी धुवायला.
आईनं लावलेली सवय.
ती कुठल्याच मीटरमध्ये येत नाही.